स्प्रिंग कापून जुनी गाडी सुधारते का? एका सल्ल्याला उत्तर

लांब पल्ला

'वेगवान वळण' यांनी गेल्या आठवड्यात या मंचावर जुन्या छोट्या गाड्यांसाठी स्वस्तातला उपाय म्हणून असे लिहिले होते की, चारही स्प्रिंगांचा एकेक वेढा कापावा, मूळ मापापेक्षा दोन इंच मोठी चाके बसवावीत, बॉनेटखाली दोन्ही स्ट्रटचे (स्प्रिंग आणि शॉक अॅब्सॉर्बर एकत्र असलेल्या खांबांचे) माथे जोडणारी आडवी पट्टी लावावी आणि मग गाडी वळणावर कशी चिकटून जाते ते पाहावे. त्याखाली आभार मानणाऱ्यांची रांग पाहिली आणि राहवले नाही.

ज्या गाडीने पंधरा वर्षे ओलांडली आहेत ती मुळात कशी वळत होती हे तिच्या आजच्या मालकाला बहुधा ठाऊकच नसते, कारण ती नवी असताना त्याने चालवलेली नसते. चाकाला सांगाड्याशी जोडणाऱ्या खालच्या दांड्याच्या, म्हणजे लोअर आर्मच्या, सांध्यातल्या बुशचे रबर चिरलेले असते, स्प्रिंगची उसळी आवरणारे शॉक अॅब्सॉर्बर नावापुरते उरलेले असतात, चाक वळवणाऱ्या टाय रॉडच्या टोकाला खेळ (ढिलेपणा) आलेला असतो आणि टायरची नक्षी शाबूत दिसली तरी रबर कडक झालेले असते. टायरच्या कडेवर लंबगोलात चार आकडे असतात. 2314 याचा अर्थ तो टायर 2014 सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. क्वचित चालणाऱ्या गाड्यांवर असे टायर सर्रास दिसतात आणि मालक नक्षीची खोली दाखवून समाधान मानतात. हे सगळे तसेच ठेवून वर कडक स्प्रिंग बसवणे म्हणजे ओल आलेल्या भिंतीला रंग देणे होय.

वेढा कापला की स्प्रिंग कडक होते हे खरे आहे, कारण काम करणारे वेढे जितके कमी तितका कडकपणा जास्त. पण गाडी खाली बसल्यामुळे चाकाला वर येण्यासाठी उरणारी जागा त्याहून अधिक वेगाने घटते आणि भर वळणात एखादा उंचवटा आला की स्ट्रट थेट बंप स्टॉपवर, म्हणजे त्याची हालचाल थांबवणाऱ्या ठोकळ्यावर, आदळतो. त्या क्षणी त्या कोपऱ्याचा कडकपणा एकदम कित्येक पट होतो आणि टायर पकड सोडतो. शिवाय चाक हवेत लोंबकळले की आखूड झालेली स्प्रिंग आपल्या बैठकीतून सुटू शकते. मॅकफर्सन स्ट्रटच्या (वरून स्ट्रट आणि खालून लोअर आर्मने चाक धरणाऱ्या) गाडीत आणखी एक गोम आहे: गाडी फार खाली बसवली की लोअर आर्म आडवा राहत नाही, बाहेरचे टोक वर जाते, रोल सेंटर, म्हणजे वळणावर गाडी ज्या बिंदूभोवती कलते तो, गुरुत्वमध्यापेक्षा जास्त खाली घसरते आणि गाडीला कलंडण्यासाठी मिळणारी तरफ लांबते. म्हणजे जो कल कमी करायचा, त्यालाच बळ मिळते.

वेगवान वळण

आपले प्रवचन वाचले. नवे बुश, नवे शॉक आणि नवे टायर घालून जी गाडी मिळेल ती 'नव्यासारखी' असेल हे मला मान्य आहे, परंतु मूळ प्रश्न गाडी सुधारण्याचा होता, तिचे तारुण्य परत आणण्याचा नव्हता. छोट्या गाड्या कारखान्यातूनच अशा बेताने येतात की वळणावर वेग जास्त झाला तर आधी पुढची चाके घसरावीत, कारण सर्वसामान्य चालकाला तेवढेच सावरता येते. ज्याला गाडी चालवण्याची आवड आहे त्याने त्या बेताला जन्मभर बांधून का घ्यावे?

आणि कारखान्याचा बेत म्हणजे वेदवाक्य नव्हे. 1960 च्या मॉडेलची शेवरलेट कॉर्व्हेर वळणावरचा कल कमी करणाऱ्या पुढच्या अँटी-रोल बारशिवाय विकली गेली, तो बार नेहमीसाठी यायला 1964 उजाडले. 1997 मध्ये मर्सिडीजची छोटी ए-क्लास स्वीडनमधल्या पत्रकारांच्या चाचणीत अचानक बाजू घेताना उलटली, तेव्हा कंपनीने स्वतःच सस्पेन्शन बदलले आणि घसरणारी गाडी आपोआप ब्रेक लावून सावरणारी ईएसपी यंत्रणा सर्व गाड्यांना दिली. राहिला प्रश्न कडक आणि बुटक्या गाडीचा. 1959 च्या मिनीत पोलादी स्प्रिंगा नव्हत्याच, अॅलेक्स मोल्टन यांचे रबरी कोन होते, आणि कमरेला हादरे देणाऱ्या त्या गाडीने 1964, 1965 आणि 1967 ची माँटे कार्लो रॅली जिंकली. 1966 मध्येही तीच पुढे होती, केवळ दिव्यांच्या नियमावर बोट ठेवून तिला बाद केले गेले.

लांब पल्ला

उदाहरणे उत्तम आहेत, फक्त ती माझ्या बाजूची आहेत. कॉर्व्हेरचे इंजिन मागे आणि मागचा अॅक्सल स्विंग प्रकारचा (ज्यात चाक वर-खाली होताना त्याचा कोनही बदलतो), त्यामुळे तिचा तोल टायरमधल्या हवेवर ठेवलेला होता: थंड टायरमध्ये पुढे 15 पीएसआय आणि मागे 26. इतका फरक ठेवायचा असतो हे विसरून चारही चाकांत सारखी हवा भरली की गाडीचा स्वभाव पालटत असे. दाबमापक घेऊन सकाळी गाडी हलवण्यापूर्वी दारावरच्या तक्त्याप्रमाणे हवा भरणे हा सर्वांत स्वस्त उपाय आपल्या यादीत नव्हता. मिनीची चाके दहा इंची होती. आपण दोन इंच वाढवायला सांगता. जड चाक, पातळ कड आणि बदललेला ऑफसेट (चाक किती आत किंवा बाहेर बसते ते माप) यांमुळे खराब रस्त्यावर चाक जमिनीला कमी वेळ टेकते आणि स्टेअरिंग मात्र हाताला ओढू लागते. रबरी कोनांची मिनी तिच्या रचनाकारांनी त्याच हिशेबाने आखलेली होती, कोणी करवतीने कापून तयार केलेली नव्हती.

ग्रीसचे हात

दोघांचेही वाचले. मी आयुष्यभर गाड्यांच्या खाली झोपून काम केले आहे, म्हणून ज्यावर कोणी बोलत नाही तेवढेच लिहितो. लोअर आर्मचे बुश बदलताना गाडी जॅकवर असते, चाके खाली लोंबत असतात आणि तशाच अवस्थेत बोल्ट पूर्ण आवळले जातात. मग गाडी जमिनीवर येते, आर्म वर फिरतो आणि आतल्या नळीला चिकटलेले रबर कायमचे पिळलेल्या अवस्थेत राहते. काही महिन्यांत त्याला चंद्रकोरीसारखी चीर पडते, पहार घालून आर्म हलवला की ती तोंड उघडते आणि मालक म्हणतो की सुटे भाग निकृष्ट होते. बोल्ट अर्धवट आवळावा, गाडीचे वजन चाकांवर आणावे आणि मगच शेवटचा पिळा द्यावा. यासाठी जास्तीचा एक पैसाही लागत नाही.

दुसरे गाऱ्हाणे अलाइनमेंटचे, म्हणजे चाकांचे कोन जुळवण्याचे. पडद्यावर सगळे आकडे हिरवे दाखवतात आणि कागद हातात देतात, पण त्याआधी बॉल जॉइंट हलवून पाहण्याचे कष्ट घेत नाहीत. ज्या सांध्यात खेळ आहे त्याचा टो, म्हणजे चाकाचे तोंड किती आत किंवा बाहेर वळलेले आहे तो कोन, दरवाजाबाहेर पडेपर्यंतही टिकत नाही.

चौथा गिअर

चर्चा विद्वत्तापूर्ण आहे, पण हातात पैसे कमी आहेत हा धाग्याचा मूळ विषय सगळेच विसरलेले दिसतात. बहुतेकांना एका वेळी दोनच टायर परवडतात आणि ते पुढेच बसवले पाहिजेत. इंजिनाचे वजन पुढे, गाडी ओढण्याचे कामही पुढच्याच चाकांचे, वळणे पुढच्या चाकांनी आणि ब्रेकचा मोठा भारही पुढेच. तरीही एका टायरच्या दुकानात मला नवे टायर मागे घालण्याचा असा आग्रह झाला की शेवटी मी चाव्या उचलून निघून आलो.

निवृत्त अभियंता

दुकानदार बरोबर होता. ओल्या रस्त्यावर पुढची चाके घसरली तर गाडी सरळ जाऊ पाहते, चालक स्वाभाविकपणे अॅक्सिलरेटर सोडतो, वजन पुढे येते आणि पकड परत मिळण्याची शक्यता असते. मागची घसरली तर तीच स्वाभाविक कृती मागचे वजन आणखी कमी करते आणि गाडी गरकन फिरते. तिथे उलट स्टेअरिंग द्यावे लागते, तेही क्षणार्धात आणि मोजके. म्हणूनच टायर कंपन्या पुढची ओढ असलेल्या गाडीतही जास्त नक्षीचे टायर मागे ठेवायला सांगतात. तुम्ही चालक म्हणून कितीही निष्णात असलात तरी बेसावध क्षण सर्वांनाच येतात.

चौथा गिअर

पावसात उताराच्या वळणावर मी स्टेअरिंग फिरवले आणि गाडी ढिम्म सरळ गेली, हा अनुभव मी घेतलेला आहे. पुढच्या टायरच्या खाचा जवळपास संपलेल्या होत्या, मागचे उत्तम होते. स्टेअरिंग हातात एकाएकी हलके झाले, ब्रेक दाबून काही घडले नाही आणि कठड्याच्या अलीकडे गाडी थांबली ती निव्वळ नशिबाने. तेव्हा 'सावरता येते' वगैरे आपण खुर्चीत बसून लिहीत आहात असे मला नम्रपणे सुचवावेसे वाटते.

मागची सीट

मग दुसऱ्या बाजूचाही अनुभव ऐकावा. माझ्या धाकट्या भावाने नवे टायर पुढे घातले होते, मागे जुने कडक झालेले. गाडी पुढून इतकी छान वळत होती की मागे काय चालले आहे याची त्याला सूचनाच मिळाली नाही. ओल्या वळणावर त्याने अॅक्सिलरेटर सोडला आणि आम्ही आलो त्या दिशेला तोंड करून उभे राहिलो. मी मागे बसलो होतो आणि काचेतून जे झाड डावीकडे दिसत होते ते उजवीकडून गेले. समोरून वाहन येत नव्हते म्हणून आज हे लिहीत आहे.

चौथा गिअर

आपल्या बंधूंचा वेग किती होता, हे मात्र आपण सोयीस्करपणे गाळले आहे.

मागची सीट

माझ्या भावाच्या चालवण्याविषयी आपण अवाक्षरही काढण्याचे कारण नाही. ज्यांना सरळ कठड्याकडे निघालेली स्वतःची गाडी नशिबाच्या हवाली करावी लागली त्यांनी दुसऱ्याच्या वेगाची चौकशी करावी, हे नवलच आहे.

लांब पल्ला

धागा स्प्रिंगांवर होता, याची कृपया आठवण ठेवावी. वेगाची उणीदुणी काढायची असतील तर ती खासगीत काढावीत.

ग्रीसचे हात

भांडण टायर संपल्यावर सुरू होते, म्हणून ते सुटत नाही. पुढची ओढ असलेल्या गाडीत पुढचे टायर लवकर झिजणार हे ठरलेलेच आहे. साधारण आठ-दहा हजार किलोमीटरला पुढचे मागे आणि मागचे पुढे करत गेले तर चारही बरोबरीने झिजतात आणि दोनच घेण्याची वेळ येत नाही. ज्यांनी हे केले नाही त्यांनी नवे मागे घालावेत आणि मागचे त्यातल्या त्यात बरे पुढे आणावेत. पण तेही जर अनेक देशांतल्या कायद्याच्या 1.6 मिलिमीटरच्या खुणेला टेकले असतील, तर कोणता टायर कुठे हा प्रश्नच गैरलागू आहे. ती गाडी पावसात बाहेर काढू नये. नव्या टायरला साधारण 8 मिलिमीटर नक्षी असते, पाणी बाहेर फेकण्याची ताकद मात्र 1.6 च्या बरीच आधी संपत आलेली असते.

चौथा गिअर

ठीक आहे, नवे टायर मागे घाला. सर्व विद्वान एकमताने सांगत आहेत म्हणजे खरेच असणार. फक्त पुढच्या टायरची नक्षी 3 मिलिमीटरच्या खाली असताना हा सल्ला देणाऱ्याने स्वतः शेजारच्या सीटवर बसण्याची तयारी ठेवावी. आणि ओल्या रस्त्यावर थांबायला लागणारे अंतर पुढच्या टायरवर जास्त अवलंबून असते, यावर निवृत्त अभियंत्यांनी अद्याप एक शब्द लिहिलेला नाही.

निवृत्त अभियंता

थांबण्याच्या अंतराबाबत आपले म्हणणे बरोबर आहे. हा शब्द आता लिहिला आहे. माझा सल्ला तसाच आहे.

वेगवान वळण

मूळ विषयाकडे येतो. धाग्यातल्या टोमण्यांमुळे नव्हे, तर पुढून खडखड येत होती म्हणून गाडी उचलली. डाव्या स्ट्रटच्या बंप स्टॉपचे तुकडे झालेले निघाले आणि त्याच बाजूच्या शॉकच्या दांड्यावर तेल उतरलेले होते. हा कापलेल्या स्प्रिंगांचाच परिणाम आहे असे मी मानत नाही. वय झालेल्या शॉकचे असे कधीही होऊ शकते. तरीही मूळ मापाच्या स्प्रिंगा आणि नवे शॉक घालत आहे, जेणेकरून 'लांब पल्ला' यांना शांत झोप लागावी. शॉकमुळे वळणावरचा एकूण कल कमी होत नाही, तो किती झटक्याने येतो एवढेच बदलते, हे मला माहीत आहे. त्यासाठी मागच्या अॅक्सलवर जाड अँटी-रोल बार लावणार आहे. मोठी चाके मात्र राहतील, ती विकत घेऊन झालेली आहेत.

लांब पल्ला

झोप लागेल, पण बारमुळे पुन्हा उडेल. बारने कल कमी होतो, मात्र वळणावर बाहेरच्या चाकांकडे सरकणारे एकूण वजन तेवढेच राहते. त्यातला पुढचा-मागचा वाटा बदलतो. मागे कडक बार म्हणजे बाहेरच्या मागच्या टायरवर जास्त भार, आतले मागचे चाक उचलले जाण्याची शक्यता आणि पुढची चाके अधिक आज्ञाधारक. कोरड्या रस्त्यावर हे आपल्याला नक्कीच आवडेल, आणि पुढची चाके आधी घसरण्याचा कारखान्याचा बेत मोडण्याचा हा स्प्रिंग कापण्यापेक्षा कितीतरी सभ्य मार्ग आहे, हे कबूल करतो. पण वर ज्या टायरवरून एवढे रण माजले त्यांचा संबंध इथेच येतो: मागे झिजलेले टायर आणि वर जाड बार अशी गाडी ओल्या वळणावर अॅक्सिलरेटर सोडताच फिरेल. बार समायोजित होणारा घ्या, सुरुवात सर्वांत मऊ खुणेवर करा, मागे चांगले टायर असल्याशिवाय बसवू नका आणि बसवल्यावर मोकळ्या, रिकाम्या, ओल्या जागेत कमी वेगाने गोल फिरवून मध्येच अॅक्सिलरेटर सोडून पाहा.

ग्रीसचे हात

आणि टो सर्वांत शेवटी लावून घ्या. स्प्रिंग बदलली की गाडीची उंची बदलते आणि उंचीबरोबर टो. आज अलाइनमेंट करून उद्या स्प्रिंगा घातल्या तर पैसे दोनदा जातील.