प्रश्न कापला की उत्तर बदलते

टीव्हीवरची दृश्ये खरी असतील तर बातमी खोटी कशी, असा प्रश्न पडू शकतो. सोलापुरात नळाला काही दिवसांआड पाणी येते, आमच्या गल्लीतील एका बाईंना वार्ताहराने विचारले, की पाणी रोज आले तर काही तक्रार उरेल का, तेव्हा त्या म्हणाल्या, "नाही, मग काहीच तक्रार नाही." प्रक्षेपणात प्रश्न आणि 'मग' दोन्ही गायब होते, शिवाय जोडाच्या जागी मान डोलावणाऱ्या वार्ताहराचे दृश्य चिकटवलेले (क्लृप्ती जुनीच), त्यामुळे काप कोणाच्या लक्षातही आला नाही. केबल टेलिव्हिजन नियमांतील २०२१ च्या दुरुस्तीनुसार वाहिनीने अशा प्रक्षेपणाबद्दलच्या तक्रारीचा निपटारा १५ दिवसांत करायचा असतो. तक्रारीत प्रक्षेपणाची तारीख-वेळ द्यावी, आणि मूळ बोलणे कोणाच्या मोबाईलमध्ये असल्यास तेही जोडावे.