'सिम्युलेशन'ला काय म्हणावं? योग्या, सराव आणि हात बसणे

प्रश्न (धुळे): मुलगी एमएस सर्जरी करतेय. पेशंटला हात लावण्याआधी स्किल लॅबमध्ये 'सिम्युलेशन' असतं म्हणे. मराठीत काय म्हणावं? 'अनुकरण' मला पटत नाही. विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकालाही नाव हवंय.

प्रतिसाद (जळगाव): 'अनुकरण' नकोच. नेमका शब्द सुश्रुतसंहितेत आहे: योग्या, म्हणजे पेशंटआधी दुसऱ्या वस्तूंवर केलेला सराव. सूत्रस्थानाच्या नवव्या अध्यायाचं नावच 'योग्यासूत्रीय'. छेद घ्यायला कोहळा, दुधी, टरबूज. शीर वेधायला मेलेल्या जनावराच्या शिरा आणि कमळाचे देठ. टाके घालायला कापड आणि मऊ कातडं. कितीही शिकलेला असो, योग्या न केलेला कर्माला अयोग्य, असं तिथे स्वच्छ म्हटलंय. टाक्यांच्या सरावाला आपल्याकडे रावेर-यावलची केळी आहेतच! सुई सालीत काटकोनात न जाता तिरकी गेली, की धागा ओढताच साल फाटते. चूक तिथल्या तिथे कळते.

प्रतिसाद (नंदुरबार): मी सर्जन आहे. शब्द फार सुंदर, पण वॉर्डात कळायचा नाही. आम्ही 'सराव'च म्हणतो. मात्र 'हात बसणे' त्याहून वेगळं. इथले नातेवाईक अहिराणीत विचारतात, "डाक्टरना हात बठेल शे का?" प्रश्न अगदी रास्त आहे.

पूर्वी 'एक बघ, एक कर, एकाला शिकव' असं चालायचं, म्हणजे हात पेशंटवरच बसायचा. दुर्बिणीच्या ऑपरेशनांनी हे बदलायला लावलं. डॉ. तेहम्टन उडवाडियांनी १९९०मध्ये मुंबईत पित्ताशय दुर्बिणीतून काढलं, ते भारतातलं पहिलं. यात हत्यार पोटाच्या भिंतीत टेकून तरफेसारखं फिरतं: हात डावीकडे नेला की टोक उजवीकडे जातं. पडद्यावर खोलीही समजत नाही. उघड्या पोटावर वर्षानुवर्षं बसलेला हात इथे पुन्हा नवखा होतो. म्हणून आधी कॅमेरा लावलेल्या खोक्यात रबरी कड्या एका खुंटीवरून दुसऱ्या खुंटीवर ठेवायच्या, जमेपर्यंत. या टप्प्याला 'सराव' पुरे.

त्यापुढचा शब्द माझ्या मते 'सोपवणे'. नुसती तीन वर्षं भरली, इतक्या केसेस झाल्या, एवढ्यावर भागत नाही. ही पायरी एकटीला जमते का, हे वरिष्ठाने शेजारी उभं राहून पाहायचं आणि मगच सोपवायची. निवासी डॉक्टरांना आता तीन महिने जिल्हा रुग्णालयातही काढावे लागतात. सातपुड्यातून अपेंडिक्स फुटून आलेला पेशंट तिथे समोर असतो, तेव्हा काय सोपवलंय आणि काय नाही हे आधी ठरलेलं असावंच लागतं.

प्रश्नकर्ती (धुळे): मग खोक्यावरचा तो 'सराव', आणि विद्यार्थ्यांच्या भित्तिपत्रकाला नाव 'योग्या'. मुलीला आजच कळवते.