‘साइन रूल पाठ करून घ्या’ म्हणे!

खडूधारी: काल एका सरांनी लिहिलं, की बारावीच्या वर्गात डिसकॅल्क्युलियाची (आकड्यांत गोंधळ होणारी) किंवा दृष्टी कमी असलेली मुलं असतील तर साइन रूल, कोसाइन रूल (कुठल्याही त्रिकोणाच्या बाजू आणि कोन काढायची सूत्रं) सरळ पाठ करून घ्या, आकृत्यांत वेळ घालवू नका. सर, या मुलांचं घोडं अडतं ते पाठांतरावरच! दहावीत ‘साइन म्हणजे समोरची बाजू भागिले कर्ण’ एवढं घोटलेलं. बारावीत काटकोनच नाही, मग पोरं सगळ्यांत लांब बाजूला कर्ण धरून मोकळी होतात. शिरोलंब टाका, त्याची लांबी दोन्ही बाजूंच्या काटकोन त्रिकोणांतून लिहून घ्या, साइन रूल तिथेच हाती येतो.

आणि दोन बाजू व एकीच्या समोरचा कोन दिला, की साइन रूलने कधी दोन उत्तरं येतात, तो घोळ? ४० अंशांचा कोन काढा, एका भुजेवर ८ सेंमी मोजा, तिथून कंपासात ६ सेंमी घेऊन कंस मारा. दुसरी भुजा दोनदा छेदली जाते. त्या छेदबिंदूंपाशी त्रिकोणाचा कोन एकदा सुमारे ५९ अंश, एकदा १२१. माझ्या एका कमी दिसणाऱ्या विद्यार्थिनीला पुठ्ठ्यावर टाचण्या रोवून ६ सेंमीचा दोरा दिला. दोन्ही जागा तिने बोटांनी चाचपून काढल्या. चष्मा नसलेले फळ्याकडे बघत बसले होते.

सायन्सचे_सर: पुठ्ठा, टाचण्या, दोरा... वर्गात ऐंशी पोरं आहेत हो! सीईटीला गणिताचे ५० प्रश्न, ९० मिनिटं. तिथे दोरा फिरवणार का?

खडूधारी: सगळी पोरं सीईटीला बसतात हे कुणी सांगितलं?

ठाण्याची_आई: तुमचं चालू द्या. माझ्या मुलाला आकृती समजते, कोसाइन रूल कधी लावायचा तेही समजतं. ५.१४ चं ५.४१ लिहितो, तिथे सगळं संपतं. दहावीला कॅल्क्युलेटर मिळाला होता. ज्युनिअर कॉलेजात क्लार्क म्हणाले, ‘सर्टिफिकेट नवीन आणा, तोवर लॉग टेबल.’ आकडेमोडीचं ते छापील कोष्टक! डिसकॅल्क्युलिया काय सुट्टीत बरा होतो?

जुना_गणिती: लॉग टेबलाने शिस्त लागते, ताई. इंग्रजांच्या सर्व्हेतल्या राधानाथ सिकदारांनी १८५२ च्या सुमारास एव्हरेस्टची उंची काढली, ती कुठल्या कॅल्क्युलेटरवर?

ठाण्याची_आई: काका, ती उंची जाहीर झाली १८५६ ला. चार वर्षं! मी परीक्षेत तासाला वीस मिनिटं जास्त मागतेय.

जुना_गणिती: चेष्टा नको. आम्ही कंदिलाखाली लॉग पाहिले.

खडूधारी: काका, तुमच्या त्या सर्व्हेत एक पायाभूत रेषा जमिनीवर मोजायची आणि पुढे नुसते कोन घेत जायचं, बाकीच्या बाजू साइन रूलने. शिकवायचं ते हे! आकडेमोडीला तिथेही गणक, म्हणजे हिशेब करणारी माणसं, पगारावर ठेवले होते, सिकदार त्यांचे प्रमुख.

जुना_गणिती: म्हणजे आता प्रत्येक पोरामागे एक गणक ठेवा!

ठाण्याची_आई: ठेवा की. दोनशे रुपयांना मिळतो, सेलवर चालतो.

सायन्सचे_सर: धागा साइन रूलचा होता, भांडण सेलवर आलं. बरं, खडूधारी, शिरोलंबाचं मान्य, पाच मिनिटांत होतं. दोऱ्याचा प्रयोग तुम्हीच येऊन करा, माझा पोर्शन ऑक्टोबरातच अडकलाय. आणि ताई, कॅल्क्युलेटर द्यायला माझी ना नाही, पण सही प्राचार्यांची लागते.

ठाण्याची_आई: अर्ज जूनपासून त्यांच्याच टेबलावर आहे.