नोट ७ च्या आगी, सगळे फोन परत, तरी सॅमसंगचं नाव टिकलं कसं?

डोंबिवलीकर_मुलगी
मंडळी एक विचारायचं होतं. बाबांसाठी फोन घ्यायचाय, मी सॅमसंगचा एक बघून ठेवला तर आत्या लगेच म्हणाली "अगं तो पेटतो ना, विमानात पण नेऊ देत नाहीत". आता ही २०१६ ची गोष्ट, गॅलेक्सी नोट ७ ची, आणि तो फोन आपल्याकडे कधी विकलाच गेला नाही! ऑगस्टमध्ये जाहीर झाला होता, ५९,९०० किंमत, २ सप्टेंबरपासून मिळणार होता, आणि नेमकं त्याच दिवशी सेऊलमध्ये कंपनीने सांगितलं की जगभरातले २५ लाख फोन बदलून देतोय. म्हणजे आत्याने जो फोन डोळ्याने बघितला नाही त्याची भीती एवढी वर्षं टिकली, आणि दुसरीकडे त्याच कंपनीचे फोन आजही घरोघरी आहेत, आत्याचा टीव्हीसुद्धा त्यांचाच आहे. दोन्ही एकाच वेळी कसं? नाव खराब झालं म्हणायचं की नाही झालं?

लिथियम_चाकण
मी बॅटरी-सेल टेस्टिंगमध्ये आहे (मोबाईलच्या नाही, गाड्यांच्या), त्यामुळे हे प्रकरण आमच्याकडे नवीन पोरांना हमखास समजावून सांगावं लागतं. बहुतेकांच्या डोक्यात असतं की बॅटरी खराब निघाली, संपलं. तसं नाहीये. दोन वेगळ्या कंपन्यांच्या बॅटऱ्या होत्या आणि दोन्ही वेगवेगळ्या कारणांनी पेटल्या. हाच या सगळ्याचा गाभा आहे.

बॅटरीत धन आणि ऋण अशा दोन पट्ट्या गुंडाळलेल्या असतात आणि मध्ये एक पातळ पडदा, सेपरेटर. त्या दोघी एकमेकींना भिडल्या की आतल्या आत शॉर्ट, उष्णता वाढत जाते आणि मग ते थांबवता येत नाही. पहिल्या लॉटमधल्या ज्या बॅटऱ्या पेटल्या त्या सॅमसंग एसडीआयच्या, म्हणजे घरच्याच. त्यांचं पाकीट वरच्या उजव्या कोपऱ्यात कमी पडत होतं, त्यामुळे तिथे ऋण पट्टीचं टोक दुमडलं जायचं. मग कंपनीने ठरवलं की दोष एसडीआयचा आहे, दुसऱ्या पुरवठादाराच्या म्हणजे एटीएलच्या बॅटऱ्या चांगल्या आहेत, त्याच टाकून बदली फोन द्या. एटीएलवर एकदम प्रचंड ऑर्डर आली, आणि बदली फोनसाठी बनलेल्या त्या मालात वेल्डिंगची टोकं बाहेर आलेली निघाली, पडद्यातून आरपार जाणारी, काही ठिकाणी तर इन्सुलेशनची टेपच लावलेली नव्हती. नोट ५ मध्ये बॅटरीची क्षमता ३००० एमएएच होती, नोट ७ मध्ये ३५००, जागा तेवढीच बारीक, म्हणजे चुकीला वाव उरलेलाच नव्हता.

माझं मत सांगू का, पहिली आग माफ होण्यासारखी होती. दुसरी नव्हती. कारण मधल्या काळात कंपनीने "हा सुरक्षित आहे" असं स्वतः सांगून फोन हातात दिला होता, बदली फोन ओळखू यावा म्हणून बॅटरीचं चिन्ह हिरवं करून दिलं होतं. कारण न शोधता दिलेली खात्री होती ती.

दादर_ते_डॅलस
लिथियमदादांशी पूर्ण सहमत, त्यात अमेरिकेतलं थोडं घालतो कारण तेव्हा मी इथेच होतो आणि कामासाठी सतत उडत होतो.

आत्याबाई जे म्हणाल्या ना विमानाचं, ते अगदी बरोबर पकडलंय त्यांनी. बोर्डिंगच्या वेळी अनाउन्समेंट व्हायची, फोनचं पूर्ण नाव घेऊन, कंपनीसकट. आपल्याकडे डीजीसीएनेही (विमान वाहतुकीचं सरकारी खातं) सप्टेंबरमध्येच सांगितलं होतं की विमानात तो चालू करू नका, चार्ज करू नका. ज्याला मोबाईलमधलं काही कळत नाही, ज्याने बातमी वाचली नाही, त्याच्याही कानावर ते नाव पडत होतं, सीट बेल्ट आणि सिगरेटच्या सूचनांच्या शेजारी बसून. एवढी वाईट जाहिरात पैसे देऊनही कुणाला करता आली नसती. ५ ऑक्टोबरला लुइव्हिलला साउथवेस्ट एअरलाइनच्या विमानात उडण्याआधीच एका फोनमधून धूर यायला लागला, सगळ्यांना खाली उतरवलं, आणि तो बदलून घेतलेला फोन होता. सहा दिवसांत, म्हणजे ११ ऑक्टोबरला, कंपनीने नोट ७ बनवणंच कायमचं बंद केलं. त्यानंतर १५ तारखेपासून अमेरिकन विमानांत पूर्ण बंदी, स्विच ऑफ करून बॅगेत ठेवला तरी चालणार नाही.

आणखी एक, ज्याबद्दल कमी बोललं जातं. कंपनीने २ सप्टेंबरला बदली जाहीर केली खरी पण अमेरिकेतल्या ग्राहक सुरक्षा आयोगासोबतचा अधिकृत रिकॉल (फोन परत मागवणं) यायला १५ सप्टेंबर उजाडला. तोवर अमेरिकेत ९२ फोन तापल्याच्या तक्रारी, त्यात २६ भाजल्याच्या. मधल्या दोन आठवड्यांत लोकांना कळेना की नक्की काय करायचं, वापरायचा, बंद करायचा की परत द्यायचा, दुकानात काय सांगतील, आणि माझ्या मते नाव तिथेच सगळ्यात जास्त गेलं. आकडाच हवा असेल तर हॅरिस पोलच्या कंपन्यांच्या प्रतिष्ठेच्या यादीत अमेरिकेत सॅमसंग २०१६ ला सातव्या नंबरवर होती, २०१७ ला ४९ वर.

डोंबिवलीकर_मुलगी
बापरे ४९! मग परत वर आली कशी?

सांगली_मोबाईल_कट्टा
ताई मी दुकानदार आहे म्हणून गिऱ्हाइकाच्या बाजूने सांगतो.

कुणाला २००७ चा ऑगस्ट आठवतोय का, नोकियाची बीएल-५सी बॅटरी? मात्सुशिताने बनवलेल्या ४ कोटी ६० लाख बॅटऱ्या, जगभरात तापल्याच्या घटना साधारण शंभर, पण आपल्याकडे जी धावपळ उडाली ती नोट ७ च्या वेळी कधीच उडाली नाही कारण तेव्हा प्रत्येकाच्या खिशात तीच बॅटरी होती. लोक फोन आणि बॅटरी वेगवेगळ्या हातात धरून यायचे. बॅटरीवर २६ आकडी नंबर असायचा, तो तपासायचा, त्या लॉटमधली असेल तर नवीन बॅटरी मिळणार, नसेल तर घरी जा. आणि नोकियाचं नाव काही गेलं नाही, त्यानंतरही किती वर्षं आम्ही तेच विकत होतो.

फरक कुठे पडला, तर ती बॅटरी नखाने झाकण उघडून निघायची. माणूस स्वतः नंबर बघू शकायचा, भीती वाटली तर काढून बाजूला ठेवू शकायचा, आणि कंपनीला फक्त बॅटरी बदलावी लागली. नोट ७ सीलबंद. आत कुठली बॅटरी आहे ते मालकाला बघता येत नाही, बदलायची तर अख्खा फोन परत. म्हणून डाग बॅटरीवर न राहता फोनवर आणि फोनवरून कंपनीवर गेला.

आमच्याकडे २०१६ ला सॅमसंगचाच जे७ जोरात चालायचा आणि त्या दोन महिन्यांत लोक विचारायचे की "हा सेव्हन म्हणजे तोच का". समजावून सांगितलं की घ्यायचे. पुढच्या वर्षाअखेरीस शाओमीने सॅमसंगला भारतात मागे टाकलं पण ते आगीमुळे नाही हो, दहा हजारात जे ते देत होते ते सॅमसंग देत नव्हती.

एक_वाचक_नाशिक
मला सगळ्यांचं जरा पटत नाहीये. नाव परत आलं ते काही विश्वासामुळे नाही, पर्याय नव्हता म्हणून. स्टायलस (स्क्रीनवर लिहायचा पेन) असलेला मोठा अँड्रॉइड फोन दुसरं कोण बनवत होतं? आणि कंपनीचा पैसा चिप आणि स्क्रीनमधून येत होता. २०१६ च्या तिसऱ्या तिमाहीत मोबाईल विभागाचा नफा ९६ टक्के पडला, आणि २०१७ च्या दुसऱ्या तिमाहीत अख्ख्या कंपनीचा विक्रमी नफा, तो मुख्यतः मेमरी चिपवर. छोटी कंपनी असती तर संपली असती. त्यामुळे "प्रामाणिकपणा दाखवला म्हणून वाचले" असं कुणी सांगायला लागलं की मला राग येतो, ज्यांचे हात भाजले त्यांचा विचार आधी करा.

लिथियम_चाकण
नाशिककर, पैशाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. भाजलेल्या लोकांचाही मान्य, त्यांच्याबद्दल बोलणं फारच कमी झालं. पण पैसा होता म्हणून ते गप्पही बसू शकले असते ना. २३ जानेवारी २०१७ ला त्यांनी जे केलं ते आमच्या क्षेत्रात मी फार कमी वेळा बघितलंय. ७०० इंजिनियर, २ लाख फोन आणि ३० हजार सुट्या बॅटऱ्या टेस्ट करून, बाहेरच्या तीन संस्थांना (यूएल, एक्स्पोनंट, ट्यूव्ह राइनलँड) स्टेजवर बोलवून, कोपरा कुठे दुमडला आणि वेल्डिंग कुठे चुकलं ते आकृत्या काढून दाखवलं. पुरवठादारांवर ढकलून मोकळे होऊ शकत होते, तर डिझाइनची मापं आम्हीच दिली होती आणि माल तपासायची जबाबदारी आमची होती हेही बोलले. तोवर विकलेल्या साधारण ३० लाख फोनपैकी ९६ टक्के परत आले होते. उरलेल्यांचं चार्जिंग सॉफ्टवेअर अपडेटने बंद करत आणलं होतं.

आता हे सप्टेंबरमध्येच केलं असतं, म्हणजे आधी कारण शोधून मग बदली फोन दिले असते, तर नोट ७ कदाचित वाचलाही असता. उशीर झाला याबद्दल वाद नाही. पण नंतर सॅमसंगचाच गॅलेक्सी एस८ लोकांनी जो घेतला तो नुसता नाइलाजाने घेतला असं मला वाटत नाही, कोरियात प्री-ऑर्डरच दहा लाखांवर गेल्या होत्या.

दादर_ते_डॅलस
आणि नाव न बदलता नोट ८ काढला २०१७ मध्ये, हे धाडसच. आम्ही सगळे म्हणत होतो की नोट हे नाव आता बंद करतील. उलट न विकल्या गेलेल्या नोट ७ आणि न वापरलेल्या सुट्या भागांमधून ३२०० एमएएचची लहान बॅटरी घालून ४ लाख फोन कोरियात नोट एफई म्हणून विकले. अर्थात ग्रीनपीस ही पर्यावरणवादी संस्था मागे लागली होती की लाखो फोन भंगारात टाकू नका, तो दबाव होताच. नोट हे नाव २०२० च्या नोट २० पर्यंत चाललं.

डोंबिवलीकर_मुलगी
खूप मस्त माहिती सगळ्यांनी दिली, थँक्यू. आत्याला हे वाचून दाखवणार आहे. कट्टा काका, बाबांना फोन घेऊन देऊ ना मग? त्यांना रात्रभर उशाशी चार्जिंगला लावायची सवय आहे.

सांगली_मोबाईल_कट्टा
खुशाल घ्या ताई, कुठल्याही चांगल्या कंपनीचा घ्या. पण उशीखाली चार्जिंग नको, कुठलाच फोन नको, उष्णता बाहेर पडायला जागा लागते, टेबलावर ठेवायला सांगा. दोनतीन वर्षांनी मागचं झाकण उचलल्यासारखं दिसलं किंवा स्क्रीन कडेने वर आली तर बॅटरी फुगलीये, त्या दिवसापासून चार्जिंग बंद आणि सर्व्हिस सेंटरला. आमच्याकडे लोक स्वतःच टाचणी मारून हवा काढायला बघतात, ते अजिबात करू नका. आणि बॅटरी बदलताना दोनशे रुपये वाचवायला डुप्लिकेट टाकू नका, आमच्या दुकानात जे फुगलेले फोन येतात त्यातले बरेचसे तेच असतात.