अ‍ॅरे सुटत नाही म्हणून ‘उमाउंट -एल’ मारणं बरोबर का?

कातळसडा
मृग जवळ आला की रत्नागिरी-सिंधुदुर्गात हा प्रश्न हमखास निघतो. मांडणी बहुतेक सारखीच असते. एक साधा पीसी, त्यावर डेबियन लिनक्स, यूएसबीने जोडलेला चार खणांचा डबा, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, ‘एमडीएडीएम’ने त्या जोडून बनवलेला रेड ५ अ‍ॅरे (एक डिस्क गेली तरी डेटा टिकवणारा गट), त्यावर एक्सटी४ फाइलसिस्टम, आणि ती /एसआरव्ही/साठा या फोल्डरवर माउंट केलेली, म्हणजे जोडलेली. स्टुडिओत लग्नांचे फोटो, आंब्याच्या पॅकिंग हाउसमध्ये बिलं, लॉजवर कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग. चिपळूणचा २२ जुलै २०२१ चा पूर आठवला की तळमजल्यावरचा डबा वेळेत माडीवर न्यायला हवा, हे कोणालाही पटतं. पण पीसी चालू ठेवून डबा सोडवायला गेलं की फाइलसिस्टम सोडवणारा ‘उमाउंट’ सांगतो, ‘टार्गेट इज बिझी’, म्हणजे कोणीतरी ती वापरतंय. मग सल्ला मिळतो: ‘उमाउंट -एल’ मार.

माझं ठाम मत, ही सवय मोडली पाहिजे. -एल म्हणजे लेझी. तो डिरेक्टरीच्या झाडावरून माउंट फक्त खुडतो. ज्या प्रोसेसने (चालू प्रोग्रॅमने) फाइल उघडून ठेवली आहे तिच्यासाठी फाइलसिस्टम जिवंतच राहते, लिहिणंही चालू राहतं. म्हणून पुढचा, अ‍ॅरे थांबवणारा ‘एमडीएडीएम --स्टॉप /डेव्ह/एमडी१२७’ (एमडी१२७ हे अ‍ॅरेचं नाव) अडतोच: ‘कॅनॉट गेट एक्स्क्लुझिव्ह अ‍ॅक्सेस’. आणि आता माउंटची यादी देणाऱ्या ‘फाइंडमाउंट’मध्ये काही दिसत नाही, ‘एलएसब्लॉक’मध्ये माउंटपॉइंटचा रकाना रिकामा. बघणाऱ्याला वाटतं डबा मोकळा झाला, आणि तो केबल ओढतो.

त्याहून वाईट म्हणजे -एल नंतर घाईत मारलेला ‘फ्यूजर -केएम /एसआरव्ही/साठा’, म्हणजे तिथली फाइलसिस्टम वापरणाऱ्या प्रोसेस मारणारी कमांड. माउंट खुडल्यावर तो रस्ता मूळ रूट फाइलसिस्टमवरचा एक रिकामा फोल्डर असतो. फ्यूजर इमानदारीने रूट वापरणाऱ्या सगळ्या प्रोसेस मारायला घेतो. -के वापरायचाच असेल तर सोबत कॅपिटल एमचा पर्याय द्या; दिलेला रस्ता खरोखर माउंटपॉइंट नसेल तर फ्यूजर काहीच करत नाही.

रापण
सिद्धांत मान्य. पण तुम्ही गृहीत धरता की वेळ आहे. लाइट गेलेली, इन्व्हर्टर शेवटच्या घटका मोजतोय, पाणी उंबऱ्याशी. त्या वेळी कोणती प्रोसेस कुठे अडकली ते शोधत बसायचं? क्रम साधा ठेवावा: ‘सिंक’ (साचलेलं लिखाण डिस्कवर उतरवणं), मग ‘उमाउंट -एल’, पुन्हा ‘सिंक’, मग /सिस/ब्लॉक/एमडी१२७/एमडी/अ‍ॅरे_स्टेट वाचायचं. ‘क्लीन’ दिसलं की वीज बंद.

आणि हे अंधारात मारलेले दगड नाहीत. ‘सिंक’ कर्नलमधल्या (लिनक्सच्या गाभ्यातल्या) सगळ्या फाइलसिस्टमवर फिरतो, झाडावरून खुडलेलीवरही. एमडीसुद्धा (कर्नलमधला रेड सांभाळणारा भाग) लिहिणं थांबल्यावर ०.२ सेकंदात सुपरब्लॉकवर (डिस्कवरच्या अ‍ॅरेच्या नोंदीत) ‘क्लीन’ची खूण करतो, सेफ_मोड_डिले हा त्याचाच आकडा. -एलमुळे नवीन कोणी त्या फोल्डरमध्ये शिरत नाही, हा फायदाच.

सुरंगी
दोघांनाही विचारते: पीसी बंदच करायचा असेल तर अ‍ॅरे हाताने थांबवायचा कशाला?

‘सिस्टमसीटीएल पॉवरऑफ’ हेच काम शिस्तीत करतो. आधी प्रत्येक सर्व्हिसला टर्म सिग्नल, ती ऐकत नसेल तर ठरलेल्या वेळेनंतर किल (ठरावीक मुदत ९० सेकंद), मग उमाउंट, शेवटी उरलेले एमडी अ‍ॅरे थांबवणं. अडवणारी प्रोसेसच मेली की फाइलसिस्टम सुटते, मग ती खुडलेली असो वा नसो. ९० सेकंद जास्त वाटत असतील तर त्या सर्व्हिसच्या युनिटमध्ये (तिच्या सेटिंगच्या फाइलीत) टाइमआउटस्टॉपसेक=२० लिहा. म्हणजे बंद करताना -एलची गरज नाही, आणि कातळसडा सांगतात तितकं नुकसानही त्यात नाही.

खरा धोका आहे तो पीसी चालू ठेवून डिस्क बाहेर काढण्यात. तिथे मी कातळसडांच्या बाजूने. रापण, तुमचं ‘क्लीन’ त्या एका क्षणाचं आहे. अडकलेली प्रोसेस पुढच्या सेकंदाला परत लिहू शकते. शिवाय ‘क्लीन’ म्हणजे अ‍ॅरेच्या पातळीवर अर्धवट लिखाण नाही, इतकंच. मेमरीत साचलेलं लिखाण डिस्कवर ढकलायला कर्नल नेहमीच्या सेटिंगमध्ये ३० सेकंदही थांबतो. ‘सिंक’च्या आधीच्या ‘क्लीन’ला म्हणूनच काही किंमत नाही.

रापण
पॉवरऑफ चालतो तेव्हा चालतो. डब्याने मान टाकली असेल तर प्रोसेस ‘डी’ अवस्थेत जातात, म्हणजे डिस्कच्या उत्तराची वाट बघत कर्नलमध्ये झोपलेल्या. त्यांना किल -९ लागू होत नाही. डीमेसगमध्ये (कर्नलच्या नोंदवहीत) ‘ब्लॉक्ड फॉर मोर दॅन १२० सेकंड्स’ येत राहतं आणि पॉवरऑफही तिथेच अडून बसतो. तेव्हा काय करणार?

कातळसडा
तेव्हा सिसआरक्यू, म्हणजे कर्नलला थेट दिलेले एकेका अक्षराचे हुकूम. रूट म्हणून /प्रॉक/सिसआरक्यू-ट्रिगर मध्ये एकेक अक्षर एको करायचं: आधी ‘डब्ल्यू’, म्हणजे कोण कुठे अडकलंय त्याची यादी डीमेसगमध्ये येते, मग ‘एस’ म्हणजे सिंक, ‘यू’ म्हणजे सगळं रीड-ओन्ली, आणि ‘ओ’ म्हणजे वीज बंद. ‘एस’ आणि ‘यू’ नंतर काही सेकंद थांबा, कारण ही कामं मागे चालतात आणि त्यांचा निरोप डीमेसगमध्ये येतो. ‘ओ’ किंवा ‘बी’ (लगेच रीबूट) थेट मारलं तर सिंकही नाही, उमाउंटही नाही. -एल याहीपेक्षा वाईट, कारण ‘डी’तल्या प्रोसेसला त्याचा काडीचा उपयोग नाही.

आता मूळ मुद्दा, कारण ‘शोधायला वेळ नाही’ हे मला पटत नाही. क्रम माहीत असेल तर शोध दोन-तीन मिनिटांचा आहे. अडकणं दोन मजल्यांवर होतं. वरच्या मजल्यावर उमाउंट अडतो, खालच्या मजल्यावर उमाउंट होतो पण स्टॉप अडतो. दोन्हींची कारणं वेगळी.

वरचा मजला: आधी स्वतःचा शेल तपासा. ‘सीडी /’ करा, दुसरी टर्मिनल आणि टीमक्समधली सेशनही त्याच फोल्डरमध्ये उभी नाहीत ना ते बघा. मग रूट म्हणून ‘फ्यूजर -व्हीएम /एसआरव्ही/साठा’. साम्बा (विंडोजला फोल्डर वाटणारी सर्व्हिस) दिसला तर ‘एसएमबीस्टेटस’ने कोणती फाइल कोणाकडे उघडी आहे ते कळतं, आणि ‘एसएमबीकंट्रोल एसएमबीडी क्लोज-शेअर साठा’ तेवढाच शेअर सोडवतो, पूर्ण सर्व्हिस पाडावी लागत नाही. फक्त विंडोजचा क्लायंट लगेच परत जोडू शकतो, म्हणून उमाउंट पाठोपाठ मारा. टीव्ही बॉक्ससाठी एनएफएस (नेटवर्कवरून फोल्डर वाटायची दुसरी पद्धत) दिलं असेल तर प्रोसेसच्या यादीवर विसंबू नका, कारण तो सर्व्हर कर्नलमध्येच बसलेला असतो. ‘एक्सपोर्टएफएस -यू’ने तो शेअर काढा, तरी अडलं तर ‘एक्सपोर्टएफएस -एफ’. स्वॅप फाइल त्याच अ‍ॅरेवर ठेवली असेल तर ‘स्वॅपऑन --शो’ सांगेल. आयएसओ किंवा डिस्क इमेज लूपवर चढवली (डिस्कसारखी जोडली) असेल तर ‘लोसेटअप -ए’.

खालचा मजला: ‘एलएस /सिस/ब्लॉक/एमडी१२७/होल्डर्स’. इथे डीएम-० असं काही दिसलं तर वर एलव्हीएम (डिस्कचे भाग पाडणारा थर) किंवा लक्स (एन्क्रिप्शनचा थर) आहे. ‘व्हीजीचेंज -एएन’ आणि गटाचं नाव, किंवा ‘क्रिप्टसेटअप क्लोज’. मगच स्टॉप.

दर्यावर्दी
एक राहिलं. मीडिया सर्व्हर फोल्डरवर आयनोटिफायची (फाइल बदलली की कळवणारी कर्नलची सोय) नजर ठेवून असतो. तोच बहुतेक वेळा अडवतो. तो बंद केला की काम होतं.

सुरंगी
नजर अडवत नाही. उमाउंट होताना कर्नल आयनोटिफायला ‘अनमाउंट झालं’ असा निरोप देतो आणि ती नजर काढून टाकतो. मीडिया सर्व्हर अडवतो तो लघुचित्रं बनवताना उघडलेल्या फाइलींमुळे किंवा डेटाबेस त्याच अ‍ॅरेवर ठेवल्यामुळे. बंद केल्यावर काम होतं हे खरं, कारण वेगळं. फरक महत्त्वाचा आहे, कारण डेटाबेस एसएसडीवर हलवला की दर वेळी मीडिया सर्व्हर पाडावा लागत नाही.

कातळसडांच्या खालच्या मजल्यात मात्र सगळ्यात चकवणारं कारण राहिलं: कंटेनर. समजा देखरेखीसाठी एक डॉकर कंटेनर (वेगळ्या चौकटीत चालणारा प्रोग्रॅम) आहे आणि त्याला यजमान पीसीचा पूर्ण ‘/एसआरव्ही’ आत दाखवलाय. डॉकरचं नेहमीचं प्रॉपगेशन (बाहेरचे माउंटचे बदल आत पोचवायची पद्धत) ‘आरप्रायव्हेट’ असतं. म्हणजे कंटेनर सुरू होताना अ‍ॅरे माउंट असेल तर त्याच्या माउंट नेमस्पेसमध्ये (कंटेनरच्या स्वतःच्या माउंटच्या यादीत) अ‍ॅरेची स्वतंत्र नोंद होते. तुम्ही बाहेर उमाउंट करता, तो यशस्वी होतो, फ्यूजर रिकामा, होल्डर्स रिकामा, स्टॉप तरीही ‘बिझी’. कारण कंटेनरमधली नोंद फाइलसिस्टमला धरून असते.

तपासायला एक ओळ पुरते: ‘ग्रेप -एल एमडी१२७ /प्रॉक/*/माउंटइन्फो’. जो आकडा येईल ती त्या प्रोसेसची पीआयडी. मग कंटेनर बंद करा, किंवा ‘एनएसएंटर -टी’, पीआयडी, ‘-एम उमाउंट’ आणि आतला रस्ता. कायमचा उपाय म्हणजे त्या बाइंडला (आत दाखवलेल्या फोल्डरला) ‘आरस्लेव्ह’ द्यायचं. मग बाहेरचा उमाउंट आतही पोचतो. आधी -एल मारलेला असो वा नसो, ही ओळ पहिल्यांदा चालवून बघा.

रापण
व्हय म्हाराजा, ही ओळ माझ्या स्क्रिप्टमध्ये टाकतो. तरी एक सांगतो: गावातल्या स्टुडिओत संध्याकाळी जो मुलगा बसतो त्याला नेमस्पेस शिकवणार का? त्याच्या हातात एक बटण हवं. तुमचे दोन मजले त्याच्या कामाचे नाहीत.

सुरंगी
बटण देता येतं, पण ते -एलचं नको. साम्बा, मीडिया सर्व्हर, डॉकर, ज्या ज्या सर्व्हिस हा अ‍ॅरे वापरतात, त्यांच्या युनिटमध्ये रिक्वायर्समाउंट्सफॉर=/एसआरव्ही/साठा लिहा. मग ‘सिस्टमसीटीएल स्टॉप एसआरव्ही-साठा.माउंट’ मारलं की सिस्टमडी (सगळ्या सर्व्हिस सांभाळणारा प्रोग्रॅम) आधी त्या सर्व्हिस थांबवतो आणि मग उमाउंट करतो. युनिटचं नाव रस्त्यावरूनच बनतं, पण साठा देवनागरीत नको. नाव बनताना अक्षरांची मोडतोड होते, शिवाय साध्या इंग्रजी अक्षरांचा फोल्डर फोनवरूनही टाइप करता येतो. स्क्रिप्टमध्ये पुढची ओळ एमडीएडीएम स्टॉप. स्टॉप शून्य परतवत नाही तोवर हिरवा शब्द दाखवू नका. मुलाला एवढंच सांगायचं: हिरवं दिसल्याशिवाय केबलला हात नाही.

बंदरवाडी
सगळे डबा धडधाकट आहे असं धरून बोलताय. कोकणात निम्म्या वेळा अ‍ॅरे अडकतो तो डबाच मध्ये मरून उठल्यामुळे. लाइट गेली, इन्व्हर्टरने भार उचलला, त्या क्षणी डब्याचा अडॅप्टर डुलकी खातो. इन्व्हर्टरला यूपीएस मोडचं बटण असतं, ते लावलेलं नसेल तर हमखास. पीसीचा एसएमपीएस तेवढा झटका पचवतो, बारा व्होल्टचा अडॅप्टर पचवत नाही. यूएसबी तुटून परत जोडली जाते, एसडीबी-सी-डी-ई होत्या त्या आता एसडीएफ-जी-एच-आय होऊन येतात. कर्नलमध्ये जुना एमडी१२७ मात्र हरवलेल्या डिस्कना धरून बसलेला. तो थांबत नाही, आणि तो अडकलेला असेपर्यंत नवीन नावांवर नीट जुळणीही होत नाही.

इथे माझं मत कातळसडांच्या विरुद्ध आहे. हा अ‍ॅरे मेलेला आहे. चारही डिस्क गेल्या, साचलेलं लिखाण आता कुठेच जाऊ शकत नाही. वाचवायला काही उरलं नसताना -एल मारण्यात पाप काय?

कातळसडा
पाप नाही, पण फायदाही नाही. साम्बाने फाइल धरली असेल तर -एल नंतरही स्टॉप अडणार. मेलेल्या अ‍ॅरेवरही क्रम तोच: साम्बा थांबवा, साधा उमाउंट करा, आय-ओ एररचा पाऊस पडू द्या, मग स्टॉप. अनुत्तरित डिस्क ‘डी’त धरून बसली असेल तर रीबूट, ते मान्य.

खरी काळजी पुढच्या पावलाची. ‘एमडीएडीएम --एक्झामिन’ चारही डिस्कवर चालवा आणि इव्हेंट्सचे (अ‍ॅरेतल्या बदलांच्या मोजणीचे) आकडे कागदावर उतरवा. सारखे असतील तर साधा ‘--असेंबल’ (अ‍ॅरे परत जुळवणं). दोन-चारचा फरक असेल तर ‘--असेंबल --फोर्स’. एका डिस्कचा आकडा खूप मागे असेल तर ती सोडून उरलेल्या तिघींवर उभा करा. आणि ‘--क्रिएट’ला हात लावू नका, ‘--अझ्यूम-क्लीन’ जोडूनसुद्धा. डिस्कचा क्रम, चंक किंवा डेटा ऑफसेट चुकला की वरून सगळं ठीक आणि आत चिखल. अ‍ॅरे उभा राहिल्यावर आधी ‘एफएसचेक -एन’, म्हणजे फक्त बघणं, दुरुस्ती त्यानंतर.

बंदरवाडी
हे मान्य. यात भर घालतो. अ‍ॅरे डिग्रेडेड (एक डिस्क कमी) असताना अशी वीज गेली तर एमडी तो आपणहून उभा करायला नकारच देतो, कारण पॅरिटी (हरवलेला डेटा परत काढायची जादा माहिती) आणि डेटा जुळतात याची हमी नसते. म्हणून गेलेली चौथी डिस्क ‘पावसाळा संपल्यावर बघू’ म्हणून सोडू नका.

बिटमॅप (कुठे लिहिणं चालू होतं त्याच्या खुणा) नसेल तर ‘एमडीएडीएम --ग्रो --बिटमॅप=इंटर्नल /डेव्ह/एमडी१२७’. मग अवचित बंद झाल्यावर पूर्ण ४ टीबीचा रीसिंक होत नाही, खूण केलेला भागच तपासला जातो. डेस्कटॉप डिस्क असतील तर ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०’ देऊन बघा, म्हणजे खराब सेक्टरवर डिस्क ७ सेकंदांत हार मानते. डबा किंवा डिस्क ते घेत नसेल तर /सिस/ब्लॉक/एसडीएफ/डिव्हाइस/टाइमआउट मध्ये ३० ऐवजी १८० लिहा. नाहीतर डिस्क अजून झगडत असते आणि कर्नल तिला मेलेली समजून रीसेट करतो. वीज गेली किंवा रीबूट झालं की हे पुसलं जातं, तेव्हा यूडेव्हच्या (डिस्क जोडली की आपोआप चालणाऱ्या) नियमात घाला.

आणि डब्याचा अडॅप्टर पीसीसोबत छोट्या यूपीएसवर लावा, यूएसबी केबल असलेल्या. घरच्या इन्व्हर्टरकडून बॅटरी संपत आल्याचा निरोप पीसीला मिळत नाही. एनयूटी (यूपीएसवर लक्ष ठेवणारा प्रोग्रॅम) लावलं की यूपीएस तो निरोप देतो आणि सुरंगी म्हणतात तो पॉवरऑफ आपोआप चालतो.

रापण
यूपीएसचं पटलं. स्क्रिप्ट अशी बदलतो: माउंट युनिट थांबव, माउंटइन्फोत ग्रेप, होल्डर्स, स्टॉप. -एल काढला. पण सिसआरक्यूचा एस-यू-ओ शेवटी ठेवतोय, दोन पावलांत दहा-दहा सेकंद थांबून, आणि तो फक्त पाणी आत आलं तर.

सुरंगी
ठेवा. फक्त त्याआधी डीमेसग दुसऱ्या डिस्कवर उतरवायची ओळ घाला, आणि ती अ‍ॅरेवरच्या फोल्डरमध्ये नको.