झाकण मागे नेलं की लॅपटॉपची स्क्रीन फडफडते, मग काळी पडते. केबल की पॅनेल?

प्रश्न, तिरकीमान:
१५.६ इंची फुल एचडी, टच नसलेला लॅपटॉप, विंडोज ११. झाकण साधारण ९० अंशांपर्यंत उघडं असेल तर चित्र स्वच्छ. त्यापुढे नेलं की आडव्या रेघा फडफडतात, आणखी मागे नेलं की स्क्रीन काळी. गाणं लावलेलं असेल तर ते चालूच राहतं. एचडीएमआयने जोडलेल्या मॉनिटरवर कुठल्याही कोनात त्रास नाही. ग्राफिक्स ड्रायव्हर काढून नव्याने टाकला, फरक शून्य. पॅनेल बदलण्याआधी काय काय तपासावं?

पिनचौकशी:
कोनाबरोबर बदलणारा दोष ड्रायव्हरचा नसतो. ड्रायव्हरला झाकण किती उघडलंय हे कळत नाही. तरी दोन मिनिटांची खात्री करून घ्या. मशीन सुरू करून बायोसमध्ये (विंडोज सुरू होण्याआधीचा सेटिंगचा पडदा) जा आणि तिथेच झाकण हळूहळू मागे-पुढे करा. तिथेही फडफड दिसली, तर विंडोजचा विषय संपला.

दुसरी खूण स्क्रीनशॉटची. फडफड चालू असताना स्क्रीनशॉट घ्या आणि बाहेरच्या मॉनिटरवर उघडा. रेघा चित्रात उतरल्या असतील तर बिघाड ग्राफिक्सच्या बाजूला. चित्र स्वच्छ असेल तर तो त्याच्या पुढे, म्हणजे केबल, कनेक्टर किंवा पॅनेल यांत.

स्क्रीन काळी झाल्यावर खोलीत अंधार करा आणि टॉर्च तिरकी धरून स्क्रीनवर मारा. आयकॉन पुसटसे दिसले तर चित्र पोहोचतंय, फक्त बॅकलाइट, म्हणजे पॅनेलमागचा उजेड, गेलाय. काहीच दिसलं नाही तर सिग्नल किंवा पॅनेलचा स्वतःचा पुरवठाच तुटतोय.

उलटतपासणी:
झाकणाच्या सेन्सरचाही विचार करा. झाकण मिटलं हे ओळखायला चुंबक आणि तो जवळ आल्याचं ओळखणारा हॉल सेन्सर असतो; मनगटाजवळ चुंबकी पट्ट्याचं घड्याळ किंवा फोनचं कव्हर आलं तरी स्क्रीन विझते. शिवाय इंटेल ग्राफिक्सवर पॅनेल सेल्फ रिफ्रेशमुळेही (पीएसआर: चित्र स्थिर असताना पॅनेल ते स्वतःच दाखवत राहतं, वीज वाचते) लुकलुक होते. तिची ओळख अशी, की चित्र स्थिर असताना लुकलुकतं आणि माउस हलवला की थांबतं. इंटेलच्या ग्राफिक्स अॅपमध्ये पॉवरखाली तो पर्याय बंद करता येतो; लिनक्सवर आय९१५ ड्रायव्हरचा एनेबल-पीएसआर हा कर्नल पर्याय ० करतात.

पिनचौकशी:
मुद्दे बरोबर, या केसला लागू नाहीत. सेन्सर झाकण जवळजवळ मिटताना काम करतो, इथे ते मागे नेताना बिघडतंय. आणि सेन्सरने स्क्रीन बंद केली तर ती एकदम विझते, आधी रेघा फडफडत नाहीत.

तिरकीमान:
बायोसमध्येही तेच होतं. स्क्रीनशॉट स्वच्छ. टॉर्चखाली काहीच दिसत नाही. बेझलचा (स्क्रीनभोवतीच्या चौकटीचा) खालचा भाग डाव्या बिजागरीजवळ दाबला की चित्र क्षणभर परत येतं.

बिजागरी४०:
मग ९० टक्के केबल. पॅनेलच्या काठावरचा बाँड (काचेला चिकटवलेला बारीक तारांचा जोड) सुटला की बहुतेक वेळा एक-दोन उभ्या रेघा एकाच जागी कायम राहतात, झाकण कसंही धरा.

उघडताना क्रम मोडू नका. शटडाउन, चार्जर काढा, मागचं कव्हर काढा, बॅटरीचा कनेक्टर सोडवा, मग पॉवरची कळ १५ सेकंद दाबून ठेवा. यानंतरच डिस्प्लेच्या केबलला हात लावायचा. यामागचं कारण समजून घ्या. तुमच्यासारख्या पॅनेलला बहुधा ३० पिनांचा ईडीपी (लॅपटॉपच्या आत पॅनेलला चित्र पोहोचवणारी जोडणी) कनेक्टर असतो. त्यात १२ आणि १३ या पिनांवर पॅनेलचे ३.३ व्होल्ट, तर २६ ते २९ वर बॅकलाइटचा पुरवठा असतो, आणि तो बॅटरी किंवा चार्जरच्या व्होल्टेजच्या आसपास. बॅटरी जोडलेली असताना प्लग तिरका बसला की हे व्होल्टेज शेजारच्या पिनेवर जातं. नशीब चांगलं असेल तर मदरबोर्डवरचा तांदळाच्या दाण्याहून लहान फ्यूज उडतो. नाहीतर पॅनेलच जळतं. ‘नवीन केबल टाकली आणि उजेडच गेला’ अशा तक्रारींमागे बहुतेकदा हेच असतं.

आता केबल. मदरबोर्डकडचं टोक आधी पाहा. वरची चिकटपट्टी काढा, तारेची कडी असेल तर ती उचला आणि प्लग बोर्डाला समांतर मागे सरकवा. तो वर ओढायचा नसतो. वर ओढला की सॉकेटच बोर्डावरून उखडतं. पिनांवर हिरवट थर दिसला तर ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि मऊ ब्रश. पूर्ण वाळू द्या, पुन्हा बसवा, तपासा. काही वेळा दुखणं इथेच संपतं.

नाही संपलं तर बेझल. क्लिपांचं असेल तर आतल्या कडेने नखाने सुटतं. पॅनेल ताणून निघणाऱ्या चिकटपट्ट्यांवर असेल तर पट्टीचं टोक चिमट्यात धरून काचेला समांतर, अगदी सावकाश ओढा. घाई केली की पट्टी अर्ध्यात तुटते, मग उचकटताना काच जाते. कीबोर्डवर मऊ कापड पसरून पॅनेल पालथं ठेवा आणि बिजागरीच्या वळणातली केबल नीट बघा.

तिरकीमान:
केबल सापडली. डाव्या बिजागरीच्या वळणात काळं आवरण चेपलंय आणि दोन बारीक तारा उघड्या पडल्यात. इन्सुलेशन टेप गुंडाळून चालेल का?

बिजागरी४०:
नाही. टेपने शॉर्ट टळेल, पण आतून तुटलेली तार जुळत नाही. डाग देऊन जोडण्याच्याही फंदात पडू नका: या केसासारख्या तारांमधून अतिवेगवान सिग्नल जातो, जोड आला की फडफड परत. केबलवरच्या छोट्या स्टिकरवरचा पार्ट नंबर घ्या आणि तोच मागवा. लॅपटॉपच्या मॉडेलवरून मागवू नका, कारण एकाच मॉडेलमध्ये साध्या ६० हर्ट्झ पॅनेलला ३० पिनांची, तर टच किंवा १४४ हर्ट्झवाल्याला ४० पिनांची केबल असू शकते.

आणि केबल चेपली कशाने ते आधी शोधा. बिजागरी घट्ट झाली की स्क्रू ज्यात बसतात ते प्लास्टिकचे खांब तडकतात, बिजागरी उचलली जाते आणि केबलवर दाब येतो. खांब तडकलेले असतील तर नवी केबलही त्याच जागी कापली जाईल.

पिनचौकशी:
नवी केबल जुन्याच खोबणीतून न्या आणि वळणात थोडी सैल सोडा, ताठ नको. बेझल लावायच्या आधी बॅटरी जोडून मशीन सुरू करा आणि एका हाताने पॅनेल धरून झाकण पूर्ण कोनात चार-पाच वेळा हलवा. प्लग पुन्हा बसवावा लागलाच, तर आधी बॅटरी काढा.