मदत हवी आहे: तळं 30 दिवसांत 27 सेंमी उतरलं, पाणी जातंय कुठे?

तळ्याकाठी
नमस्कार मंडळी. गोव्यातल्या तिसवाडी तालुक्यातलं गावतळं आहे, भरल्यावर साधारण 20 हेक्टर. एका बाजूला जुना मातीचा बांध, त्यात लाकडी फळ्यांची मानस (पाणी अडवायचं-सोडायचं दार), खाली वायंगणाची (पावसाळ्यानंतरच्या भाताची) शेतं आणि त्यापुढे खाडी. ऑक्टोबरात तळं काठोकाठ होतं, आता महिन्याभरात 27 सेंमी उतरलं. गावात म्हणतात, जगभरची सरोवरं उन्हाने आटताहेत, त्यातलाच हा प्रकार. ग्रामसभेत विषय मांडायचा आहे, त्याआधी आकडे हवेत. काय मोजायचं आणि कसं?

पाणीहिशेब
27 सेंमी म्हणजे रोज 9 मिमी. एवढं नुसत्या उन्हाने जात नाही. आपल्याकडे या दिवसांत तळ्यावरून रोज साधारण 4 ते 5 मिमी वाफ होते. उरलेले 4 मिमी कमी वाटतील, पण 1 हेक्टरवरचं 1 मिमी पाणी म्हणजे 10,000 लिटर, एक मोठा टँकर. 20 हेक्टरवर 4 मिमी म्हणजे रोजचे 80 टँकर. ते शोधायचेत.

जगातल्या सरोवरांबद्दल: अरल समुद्र आटला तो मुख्यतः अमू दर्या आणि सीर दर्या या नद्यांचं पाणी 1960 नंतर कापसाच्या शेतीकडे वळवल्यामुळे. 2023 मध्ये ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात 1,972 मोठ्या सरोवरांचा आणि जलाशयांचा उपग्रहावरून केलेला अभ्यास आला. 1992 ते 2020 या काळात त्यातल्या 53 टक्क्यांचा साठा घटला होता. नैसर्गिक सरोवरांत वाढतं तापमान आणि माणसाचा उपसा ही मोठी कारणं, जलाशयांत गाळ. तेव्हा ऊन आहेच, पण सगळं त्याच्या माथी मारून मोकळं होता येत नाही.

आधी वाफ वजा करा. हवामान खात्याच्या पद्धतीचं जाळीचं बाष्पपात्र (व्यास 122 सेंमी, खोली 25.5 सेंमी) जवळच्या कृषी केंद्रात असेल तर रोजचा आकडा मागा आणि 0.8 ने गुणा. पात्र उथळ असतं, लवकर तापतं, म्हणून त्यातली वाफ तळ्यापेक्षा जास्त भरते.

मग दिवस आणि रात्र वेगळी मोजा. रात्री वाफ बरीच कमी होते (शून्य नाही, तळं दिवसाची ऊब धरून असतं), गळती मात्र चालूच राहते. रोज 4 मिमी गळत असेल तर 12 तासांच्या रात्रीत 2 मिमी. एका रात्रीत ते पट्टीवर नीट दिसणार नाही, दहा रात्रींचे 20 मिमी लपणार नाहीत.

तळ्याकाठी
पट्टीवर सेंमीच्याच खुणा आहेत आणि लाटांमुळे मिमी वाचता येत नाही. शिवाय तीन शेतकरी पंप लावतात, तो भाग वेगळा कसा काढू?

पाणीहिशेब
4 इंची पीव्हीसी पाइप पाण्यात उभा घट्ट रोवा, खालच्या भागात 5 मिमीची सात-आठ भोकं पाडा. आतलं पाणी शांत राहतं, त्यात स्टीलची पट्टी लावून वाचा. दुपारी वाचू नका. समुद्रावरून येणारा वारा पाणी पूर्वेच्या काठाकडे ढकलतो आणि तिथली पातळी खोटी जास्त दिसते. रात्री 8 आणि सकाळी 6 या वेळा ठेवा, दोन्ही काठांवर पाइप असतील तर उत्तम.

पंपासाठी 200 लिटरचा पिंप आणि घड्याळ पुरे. 20 सेकंदांत भरला तर सेकंदाला 10 लिटर, 6 तासांत 216 घनमीटर, म्हणजे तुमच्या तळ्यावर जेमतेम 1 मिमी. तिन्ही पंपांचे तास लिहून ठेवा आणि मोजणीच्या दहा रात्री पंप बंद ठेवायची विनंती करा. त्यांना दोष देण्यासाठी हे नाही, 3 मिमीचा हिशेब त्यांच्याही कामाचा आहे.

मानशीजवळ
आधी मानस बघा. तळ्याच्या बाजूने फळ्यांजवळ मूठभर कोंडा टाका, फट असेल तिथे तो ओढला जातो. बाहेरच्या चरात 90 अंशांची व्ही आकाराची खाच पाडलेला पत्रा बसवा. खाचेच्या टोकापासून वर 10 सेंमी पाणी चढलं तर सेकंदाला साधारण 4.4 लिटर, दिवसाला 377 घनमीटर, तळ्यावर 1.9 मिमी. पाण्याची उंची पत्र्यापासून हातभर मागे मोजा, खाचेतच मोजली तर कमी भरते.

मग बांधाचा बाहेरचा पायथा चाला. सगळं गवत वाळलेलं आणि एकच पट्टा हिरवागार, तर तिथे झिरप आहे. स्वच्छ पाणी येत असेल तर नोंद करून मोजत राहा. गढूळ येत असेल तर बांधाची माती आतून वाहून चालली आहे, मोजणी सोडा आणि त्याच दिवशी पंचायतीला कळवा. खेकड्यांची बिळं नुसती तोंडाशी बुजवू नका, आत पोकळी तशीच राहते. बीळ शेवटापर्यंत उकरा, चिकणमाती 15 सेंमीच्या थरांनी चोपून भरा. चिऱ्याचा चुरा किंवा रेती घालू नका, त्यातून पाणी सरळ जातं.

पाणीहिशेब
एक गोष्ट नेहमी विसरली जाते. काय जातं ते सगळे मोजतात, काय यायचं थांबलं ते कुणी बघत नाही. गोव्यात वर्षाला 3,000 मिमीच्या आसपास पाऊस पडतो, पण भरलेलं तळं आणखी भरत नाही, वरचं खाडीत जातं. पावसाळ्यानंतर तळ्याला आधार असतो तो सड्याच्या (जांभ्याच्या उंच पठाराच्या) पायथ्याच्या झऱ्यांचा. जांभा पाणी जिरवतो आणि महिनोन्‌महिने हळूहळू सोडतो. सड्यावर बोअरवेल वाढल्या, चिरेखाणी खोल गेल्या, डोंगर कापला, की झरा एप्रिलऐवजी जानेवारीत थांबतो. गळती पूर्वीइतकीच असली तरी तळं भराभर उतरायला लागतं.

त्यासाठी काठावरच्या चार-पाच विहिरींची पाणीपातळी गवंड्यांच्या पारदर्शक नळीने तळ्याच्या पातळीशी जुळवून बघा. विहीर तळ्यापेक्षा वर असेल तर जमीन तळ्याला पाणी देते आहे. सड्याकडच्या विहिरीच खाली असतील तर तळं जमिनीला पाणी देतंय. मग मानस कितीही बुजवली तरी उपयोग नाही, ग्रामसभेत विषय सड्याचा मांडावा लागेल.